साडेतीन वाव की पाच

मी दमले आहे, हे तुम्हाला सोडून कुणाला सांगू? तेरावं होऊन गेलं. पाहुणे पांगले, मागून आणलेली पातेली ज्याची त्याला परत गेली, ओसरीवरची सतरंजी झटकून ठेवली. शैला अजून आहे. जावईबापूंची कारखान्यातली रजा संपली म्हणून ते पुढं गेले, पण आईला अकलूजला घेऊनच येते असं सांगून ती मागं राहिली. तिचंही बरोबर आहे. शुक्रवार पेठेतल्या या दोन खोल्यांत तू एकटी राहून काय करणार, असं ती विचारते. उत्तर सुचायलासुद्धा अंगात थोडं बळ लागतं.

लोक आले, बसले, बोलले. तुम्ही चित्रकला शिकवलेली पोरं आता बापे झाली आहेत. मास्तरांनी कधी हात उगारला नाही, म्हणाले. मास्तर फळ्यावर एका दमात गोल काढायचे आणि तो कुठं जुळला ते दिसायचं नाही, म्हणाले. सगळं खरं होतं, मी मान हलवत राहिले. पण समुद्राचा विषय कुणी काढला नाही. पस्तीसेक वर्षं या घरात समुद्र होता आणि तो तुमच्यामाझ्याशिवाय कुणाला धड माहीतही नव्हता, हे मला या दिवसांत कळलं. म्हणून शैला पडली आहे तेवढ्यात तुमच्याशी बोलायला बसले.

तो घरात आला तेव्हा आपल्या लग्नाला वर्ष झालं असेल. गिरणीतला एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला होता आणि त्याच्या बंगल्याच्या व्हरांड्यात सामानाचा लिलाव होता. तुम्ही रंगाची पेटी मिळते का बघायला गेलात. पेटी दुसऱ्या कुणी उचलली. तुम्ही परत आलात ते विटक्या लाल पुठ्ठ्याचं, पाठ निखळलेलं एक पुस्तक घेऊन. जहाजानं येऊन मुंबई बंदरात उतरणाऱ्या प्रवाशांसाठी लिहिलेलं, इंग्रजी, आपल्या आजोबांच्या काळातलं. एवढं मोठं वाचणार कधी, असं मी विचारलं. वाचायचं नाही, उघडायचं आहे, असं तुम्ही म्हणालात आणि पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला कागद उलगडायला लागलात. एक घडी, मग दुसरी, मग आडवी. मला पोळपाट बाजूला सरकवावा लागला. पुस्तक तळहाताएवढं आणि त्यातून निघालेला नकाशा माझ्या पदराएवढा.

मला त्यात आधी काहीच कळलं नाही. डाव्या बाजूला जमीन, तिच्यावर बारीक रेघांचे डोंगर, सुरवंट पडल्यासारखे. उजवीकडं सगळं पाणी, आणि पाण्यात मुंग्या सांडाव्यात तसे आकडे. मधून एक तुटक रेघ गेलेली. तुम्ही सांगितलंत की आकडे म्हणजे तिथल्या पाण्याची खोली, वावांमध्ये. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. तुम्ही स्वयंपाकघरात हात पसरून दाखवलेत तेव्हा तुमचा एक हात मांडणीला लागला होता आणि फुलपात्र खाली आलं होतं. मी म्हटलं, आमच्या मंगळवेढ्याला विहीर परसांनी मोजतात, हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात की वाव आणि परस यांत वीतभराचाच फरक असणार. मग तुम्ही मला दारात उभं करून हात वर करायला लावलंत आणि सुतळीनं मोजलंत. सासूबाई आतून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज तेवढंच आठवून हसू येतंय.

पुढं हुसेनभाईंनी आणखी दोन पुस्तकं आणून दिली. मंगळवार बाजारात त्यांचं रद्दीचं दुकान होतं, आणि अशी काही वस्तू हाताला लागली की ते सायकलवरून आपल्या बोळात यायचे. दारात उतरायचे नाहीत. एक पाय जमिनीला टेकवून म्हणायचे, "मास्तर, तुमचा समिंदर आलाय की." मग तुम्ही जेवत असलात तरी उठायचात. दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा जुनं निघालं, तिसरं बरंच नवं. पहिल्या दोन्हींतल्या नकाशांत पाण्याचे आकडे होते. तिसऱ्यात एकही नव्हता, समुद्र नुसता निळा रंगवला होता. त्याचं तुम्हाला फार वाईट वाटलं. तुम्ही मला समजावून सांगितलंत की आधीचा प्रवासी जहाजातून यायचा, त्याला गाव समुद्राकडून दिसायचं, म्हणून छापणाऱ्यांनी खलाशांचाच नकाशा घेतला आणि त्यावर हॉटेलं, चर्च आणि बँका बसवल्या. पुढं लोक आगगाडीनं यायला लागले. मग पाणी किती खोल आहे, याच्याशी कुणाला काय करायचं?

मी तेव्हा विचारलं होतं, यात माणसं राहतात कुठं? कारण साहेबाचा रस्ता न् रस्ता काढला होता, बँड वाजवायची जागासुद्धा दाखवली होती, आणि जिथं गाव असायला हवं तिथं नुसत्या तिरप्या रेघा. साहेबाला तिकडं जायचं नव्हतं, तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, पाण्यात तरी कुठं जायचं होतं? तिथले आकडे मात्र इतके. यावरून आपण किती वर्षं वाद घातला. तुमचं म्हणणं, नकाशा काढणाऱ्याला जे विचारलं तेवढंच तो सांगतो. माझं म्हणणं, न विचारता जो सांगत नाही त्याचं कौतुक कशाला. तुम्ही चिडायचा नाहीत, हीच खोड होती तुमची. नकाशा घडी करून ठेवायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचात.

मुंबई एकदाच बघितली आपण. तुमच्या भाचीचं लग्न गिरगावात होतं, शैला तेव्हा शाळेत होती, तिला मंगळवेढ्याला ठेवलं होतं. लग्न आटोपल्यावर सगळे परतले आणि तुम्ही म्हणालात, आपण एक दिवस थांबू. दुसरं पुस्तक, ते जुनं, तुम्ही पिशवीत घालूनच आणलं होतंत. पालवा बंदरावरून आपण घारापुरीच्या लाँचमध्ये बसलो. मी आयुष्यात पहिल्यांदा एवढं पाणी बघत होते. मला खुळीला वाटलं होतं की पाण्यावर काहीतरी दिसेल. तुटक रेघ नाही, आकडे नाहीत, नुसतं हलणारं पाणी. तुम्ही मांडीवर नकाशा धरलात, वाऱ्यानं तो फडफडायला लागला, शेजारच्या बाईनं एक कोपरा धरून दिला. लाँचवाल्याला तुम्ही विचारलंत, इथं पाणी किती असेल. तो सुकाणू न सोडताच म्हणाला, "बुडायला पुरेल एवढं हाय, मास्तर." तुम्ही मास्तर आहात हे त्याला कसं कळलं कुणास ठाऊक. सगळे हसले, तुम्हीही हसलात. मग म्हणालात, आता मागं वळून बघ, जहाजातून येणाऱ्यांना दिसायची तशी. मी बघितलं. धुरात उभी असलेली मुंबई हळूहळू लहान होत होती. मला ती आवडली. तुम्हाला मात्र मी म्हटलं, खारट पाणी ते, त्यात काय बघायचं. तुमची बाही मी परत येईपर्यंत सोडली नव्हती, यावरून तुम्हाला काय कळायचं ते कळलं असेल.

दुपारी तुम्ही मला धोबी तलावाला नेलंत. नकाशात तिथं चौकोनी पाणी होतं, चांगलं निळं. आपण पोचलो तर चौक, ट्रामचे जुने रूळ, दुकानं, माणसांची ही गर्दी. तुम्ही नकाशा फिरवून फिरवून बघत होतात आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी म्हटलं, तलाव बुजवला असेल की, नावापुरता राहिला. तुम्ही म्हणालात, तो बुजवल्याचं मला ठाऊक आहे, पण पुस्तक छापलं त्याच्याआधीच बुजवला होता, मग या नकाशात तो कसा? तिथंच, एका दुकानाच्या पायरीवर बसून तुम्हाला ते सुचलं. पुस्तक नवं काढलं, पण नकाशाचा ठसा जुनाच वापरला. म्हणजे ज्या साहेबानं हे पुस्तक विकत घेतलं असेल, तोसुद्धा आपल्यासारखाच इथं उभा राहून पाणी शोधत असेल. तुम्ही इतके खूश झालात की मला राग आला. मी म्हटलं, त्या साहेबाच्या बायकोचीही चप्पल तुटली होती का, ते बघा पुस्तकात. दुकानदारानं आतून तांब्या आणून दिला. तुम्ही आधी मला पाणी दिलंत.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा मी खरी चिडले. नळाला दिवसाआड पाणी, तेही पहाटे करंगळीएवढ्या धारेनं, कधी तेवढंही नाही. खेड्यांतून आलेली माणसं बोळाबोळांत होती. मी रांगेतून रिकामी घागर घेऊन परत आले, तर तुम्ही ओट्यावर नकाशा पसरून दोन पुस्तकांतले आकडे एकमेकांशी ताडून बघत होतात. मी घागर तुमच्यासमोर ठेवली. म्हटलं, "घरात घोटभर पाणी नाही, आणि तुम्ही समुद्र मोजताय." तुम्ही नकाशा मिटलात, पायताण घातलंत आणि बाहेर गेलात. मला वाटलं, रागावून गेलात.

तुम्ही आड मोजायला गेला होतात. संध्याकाळी परत आलात तेव्हा तुमच्या खांद्यावर लांब दोर होता, त्याच्या टोकाला पाटा-वरवंट्यातला फुटका वरवंटा बांधलेला, आणि एकेका वावावर माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. खलाशी खोली कशी मोजतात, याचं चित्र त्या पुस्तकात होतं, तसाच तो केला होता. पेठेतले आणि शेजारच्या पेठांतले आड तुम्ही दोन दिवस फिरून मोजलेत. मग मोठा कागद घेऊन नकाशा काढलात. बोळ, चौक, आड, आणि प्रत्येक आडाशेजारी आतल्या पाण्याची खोली, गोड की मचूळ. डोंगरांऐवजी घरांना तसल्याच बारीक रेघा. तो कागद तुम्ही बोळाच्या तोंडाशी भिंतीवर डकवलात. मी तसं बोलून दाखवलं नाही, पण मला तो बघवत नव्हता इतका सुंदर होता. बायका त्याच्यापुढं उभ्या राहायच्या, ज्यांना वाचता येई त्या बाकीच्यांना सांगायच्या आणि मग घागरी घेऊन त्या त्या दिशेला जायच्या. पोरी नुसते आकडे म्हणत खेळायच्या. पहिल्यांदाच तुमच्या नकाशात माणसं होती, हे मी तुम्हाला म्हणाले नाही. वादात हरल्यासारखं झालं असतं.

आठवडा गेला असेल. भर उन्हात नरसव्वा आली, पलीकडच्या बोळातली, विड्या वळणारी म्हातारी. मराठी तिला बेताचंच यायचं. दोन घागरी घेऊन ती तुमच्या कागदावर बघून लांबच्या आडावर गेली होती आणि तशीच परत आली होती. तिनं घागरी दारात ठेवल्या, पदरानं तोंड पुसलं. आवाजसुद्धा चढवला नाही.

"मास्तर, तुमच्या कागदावर पाणी हाय," ती म्हणाली. "आडात न्हाय."

तुम्ही उभेच राहिलात. मी तिला आत बोलावलं, आपल्या माठातलं पाणी दिलं, एका घागरीत चार तांबे ओतले. तेवढंच होतं. ती गेल्यावर तुम्ही बोळाच्या तोंडाशी जाऊन कागद काढलात आणि घडी न घालता, चुरगळून घेऊन आलात. जेवला नाहीत. मला वाटलं, झालं, आता हे सुटलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून तुम्ही हातगाडीवर एक फळा आणलात. कोपरा उडालेला, शाळेनं अडगळीत टाकलेला. हेडमास्तरांना विचारून आणलाय, एवढंच सांगितलंत. तो भिंतीला टांगलात आणि त्यावर तोच नकाशा खडूनं काढलात. आणि मग रोज, शाळेच्या आधी, खांद्यावर दोर टाकून सगळे आड फिरून यायचं, जुने आकडे पुसायचे, नवे लिहायचे. जिथं आटलं तिथं फुली.

ते सगळा उन्हाळा केलंत तुम्ही. पाऊस लांबत गेला तसे फळ्यावर आकडे कमी आणि फुल्या जास्त झाल्या. लोक हसायचे, मास्तर आडात गळ टाकून बसलेत, म्हणायचे, आणि घागर उचलायच्या आधी फळा बघून जायचे. एकदा तुम्हाला ताप भरला. उठायला लागलात तर मीच दोर घेतला. मला हे तुम्हाला नीट सांगायचं होतं, त्या सकाळचं. पहिल्या आडावर मी दोर सोडला. बायका बघत होत्या. वरवंटा खाली कुठंतरी टेकला, दोर सैल पडला, आणि ते सैल पडणं मला हातात कळलं. मी तो वर ओढला, ओल्या दोराच्या चिंध्या मोजल्या. खाली काय आहे ते दिसत नाही आणि तरी कळतं, हे तुम्ही इतकी वर्षं मला सांगत होतात. मी सगळे आड फिरून आले, फळ्यावर आकडे लिहिले, माझा तीन उलटा पडला म्हणून एका पोरीनं सांगितलं. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, जमलं का. मी म्हटलं, त्यात काय आहे, आणि चुलीकडं गेले. मला फार, फार बरं वाटलं होतं. आता सांगते आहे.

पाऊस झाला आणि पोरांनी त्या फळ्यावर क्रिकेटच्या धावा लिहायला सुरुवात केली.

साखरेनं तुमचे डोळे नेले ते त्यानंतर. एकदम नाही. आधी आकडे गेले, मग रेघा, मग किनारा. तुम्ही निवृत्त झालात तोवर पिवळा उजेड आणि सावल्या एवढंच राहिलं होतं. काही महिने तुम्ही नकाशे काढलेच नाहीत. मग एक दिवस म्हणालात, तू वाच. मी सातवी पास, तीही मराठी. इंग्रजी आकडे तेवढे कॅलेंडरावरून येत होते. नावं आली की मी अक्षराचं रूप सांगायची. उभी रेघ आणि दोन पोटं, तुम्ही म्हणायचात, बी. दोन डोंगर, तुम्ही म्हणायचात, एम. अशी मी एबीसीडी शिकले, पन्नाशी उलटल्यावर, समुद्रातून. बुचर म्हणजे खाटीक, ते खाटकाचं बेट. ऑयस्टर म्हणजे कालवं. शैला सुट्टीला आली आणि मी तिच्या मुलाच्या पुस्तकातलं इंग्रजी नाव वाचलं तेव्हा ती बघतच राहिली.

पण खरं सांगू का, मी कंटाळायची. तुम्हाला उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं, सुई द्यायची, पाय सुजले की उशी द्यायची. तुमचं ओझं पेलून माझी कंबर गेली होती. आणि दुपारी जरा डोळा लागतोय तोच तुमचं, नकाशा काढतेस का. वाटेनं चल, म्हणायचात. मग मी त्या तुटक रेघेवरून बोट नेत समुद्राकडून बंदराकडं यायची आणि लागेल तो आकडा वाचायची. सहा. साडेसहा. सहा. आणि माझ्या आधी तुम्ही पुढचा आकडा म्हणायचात. मी एकदा वैतागून विचारलं, पाठ आहे तर मला कशाला वाचायला लावता?

तुम्ही म्हणालात, "पाठ आहे ते बरोबर आहे की नाही, ते मला कोण सांगणार?"

त्यानंतर कंटाळा केला नाही असंही नाही. पण वाचत गेले.

त्या शेवटच्या दुपारी आपण पहिलं पुस्तक घेतलं होतं, साहेबाच्या लिलावातलं. रेघ खाटकाच्या बेटाजवळून वळते तिथं तुम्ही म्हणालात, पाच. मी वाचलं, साडेतीन. तुम्ही म्हणालात, नीट बघ. मी खिडकीशी जाऊन बघितलं, चष्मा पुसून बघितलं. साडेतीनच होतं. खोटं सांगता आलं असतं, पण मग तुम्ही मला वाचायला लावलं होतंत कशाला? म्हटलं, साडेतीन आहे हो. तुमचा चेहरा कसा झाला ते मला विसरता येत नाही. नरसव्वा दारात आली त्या दिवसासारखाच झाला होता. तुम्ही पांघरुणावर बोटांनी काहीतरी काढत राहिलात. मग म्हणालात, कदाचित जुन्या पुस्तकात पाच असेल, गाळ साचतो, आकडे बदलतात, मी त्यातलं सांगितलं असेन. मी ते काढायला उठत होते. तुम्हीच म्हणालात, "राहू दे. तूही दमलीस. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्हाला धाप लागली. दवाखान्यात तुम्ही नकाशाचं नाव काढलं नाहीत. दूध उतू गेलं का, असं एकदा विचारलंत, आपण घरी असल्यासारखं. मी म्हटलं, नाही, बंद केलंय. नंतर विचारलंत की शैला पोचली का. ती वाटेत होती.

आज सकाळी शैलानं माझं लुगड्यांचं बोचकं बांधलं. दुपारच्या एस.टी.नं निघू म्हणाली. तिन्ही पुस्तकं हातात घेऊन तिनं विचारलं, ही शाळेला द्यायची का हुसेनभाईंना. मी म्हटलं, थांब जरा. ती अंगणात गेली, आणि मी ते जुनं पुस्तक उघडलं. किती तरी दिवस कुणी उघडलं नव्हतं. तुमच्या खाटेवर मी ते उलगडलं, एक घडी, मग दुसरी, मग आडवी. बोट समुद्रात ठेवलं आणि वाटेनं आले. सात. साडेसहा. सहा. मिडल ग्राउंडचा खडक मागं टाकला. खाटकाच्या बेटाजवळ रेघ वळते तिथं आले.

तिथं भोक आहे. उभी घडी आणि आडवी घडी जिथं एकमेकींना छेदतात, नेमकी ती जागा. इतक्या वर्षांच्या उघडमिटीत कागद तिथं झिजून गेला आहे, मसुरीच्या डाळीएवढा. आधीचा आकडा आहे, नंतरचा आहे. तेवढाच नाही. मी कागद उजेडाला धरला. भोकातून तुमच्या खाटेची नवार दिसली.

तेव्हा तुम्ही बरोबर होतात की तुम्ही विसरायला लागला होतात, हे आता आपल्याला कळायचं नाही. मी पाचच धरून चालेन, असं म्हणणार होते. पण तुम्हाला ते चाललं नसतं. न बघता लिहिलेला आकडा तुम्ही कुणाच्याच नकाशात चालवून घेतला नाहीत.

नकाशा मिटायला गेले तर मिटता येईना. घडी तुम्हीच घालायचात, शेवटपर्यंत, चाचपून. मी एक बाजू आत घेतली की दुसरी उलटी वळायची, आणि प्रत्येक वेळी ते भोक थोडं उसवल्यासारखं वाटायचं. दोनदा करून बघितलं. मग हात काढून घेतले आणि तो तसाच खाटेवर पसरून राहू दिला, उशीपासून पायथ्यापर्यंत.

शैला येऊन म्हणाली, आई, निघायला हवं. मी तिला म्हटलं, आजची एस.टी. जाऊ दे, मला जरा पडायचंय. तिनं खाटेकडं बघितलं, मग माझ्याकडं. खाटेवर जागा नव्हती. तिनं खाली सतरंजी घातली.